मोरचुदी दार

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. अंगानं पिस्ता रंगाची, आणि डावं मागचं दार मात्र निळं. रस्त्यानं जाताना लोक वळून बघतात. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला हमखास विचारतो, की काय हो, दार बदललं का? दार बदललेलं नाही. उलट तेवढं एक दारच जसंच्या तसं राहिलंय. पण ही गोष्ट सिग्नल हिरवा व्हायच्या आत सांगण्यासारखी नाही. तुम्हाला वेळ असेल तर बसा.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे मागून तक्रार नको. मी मुळातच घाबरट. कुणी बॉनेट उघडलं की मला वाटतं, आता इंजिनच काढून नेतात. कुणी सहज म्हणून माझं वय विचारलं तरी मला भंगारवाल्याचा तराजू दिसायला लागतो. आता तुम्ही म्हणाल, गाडीनं एवढं घाबरायचं काय कारण? तर ऐका आणि तुम्हीच ठरवा.

सहासष्ट साली मुंबईच्या कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी नव्हते. पिस्त्याच्या गरासारखा फिकट हिरवा रंग, त्यावर चकचकीत पट्ट्या. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका वकीलसाहेबांनी मला घेतलं. कोर्टात उतरण्यापूर्वी साहेब माझ्या आरशात बघून गळपट्टी नीट करायचे. रविवारी मला मऊ फडक्यानं पुसायचे. सुखाचे दिवस होते हो ते! मग त्यांच्या मुलानं नवी छोटी गाडी आणली आणि मी कंपाउंडातल्या बदामाच्या झाडाखाली गेले. दोन वर्षं कुणी किल्ली लावली नाही. बदामाची पानं माझ्यावर पडत, कुजत, आणि काचेच्या फटीतून डाव्या मागच्या दारात जाऊन बसत. दारातलं पाणी खाली निघून जायला जी बारीक भोकं असतात, ती त्या पानांनी बुजली. पाणी आत साचायला लागलं. वरून रंग होता म्हणून कुणाला दिसलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी माझी गत.

एकोणनव्वद साली मखमलाबादचे मल्हारीनाना मला घ्यायला आले. एक एकर द्राक्षबाग आणि बांधाबांधानं गुलाब, झेंडू असा त्यांचा पसारा. बोर्डोच्या फवारणीनं त्यांचे हात मनगटापर्यंत निळे असायचे. मोरचूद आणि चुना कालवून ते औषध करतात, आमच्याकडच्या द्राक्षवाल्याला ते हातावरून ओळखता येतं. नानांनी त्या निळ्या हातानं माझं बॉनेट थोपटलं आणि म्हणाले, "लय गुणाची दिसती." दोन वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मी लगेच चालू झाले.

कुठं वकीलसाहेबांचं कोर्ट आणि कुठं फुलांच्या पाट्या! पहाटे नवसाबाई, म्हणजे नानांच्या मालकीणबाई, मागच्या सीटवर गुलाबाच्या पाट्या लावून नाशिकच्या फुलबाजारात जायच्या. तिथून परत आलं की मुलांची शाळा. थोरली साधना पुढं बसायची, धाकटा कुंदन मागं, डाव्या दाराशी. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी नाक मुरडलं. पण गुलाबाचा वास सीटमध्ये मुरला आणि माझाही जीव रमला.

नवसाबाईंचा स्वभाव तापट, पण कान असा, की बाजारात कुठलंही भांडं नुसतं बोटाच्या पेरानं वाजवून सांगतील, की हे पितळ, हे कासं, ह्याला चीर आहे, ठेव खाली. त्यांच्या घरात सगळ्यांत लाडकं भांडं कुठलं असेल? घागर नाही, हंडा नाही. पाठीवर घेऊन फवारायचा पितळी पंप! त्यांच्या निफाडच्या भावानं, बाग लावली तेव्हा बहिणीला भेट दिलेला. आता पितळेची वस्तू भेट द्यायची म्हटलं की आपल्याकडे तिच्यावर नाव घालून आणतात. भावानं पंपावरसुद्धा ठिपक्याठिपक्यांची अक्षरं ठोकून आणली होती: "सौ. नवसाबाईस बंधूकडून भेट." दर दसऱ्याला त्या तो पंप चिंचेनं घासायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आणि मग माझा नंबर. मी त्या पंपाचा थोडा हेवाच करायचे.

त्र्याण्णव साली माझा पिस्ता रंग पार विटला. टपावर पांढरे चट्टे पडले. कुंदन तेव्हा चौथीत होता. तो एकदा जेवताना म्हणाला, की आपली गाडी आजारी दिसते. नानांनी ते मनावर घेतलं. गॅरेजवाला म्हणाला, महिनाभर गाडी ठेवावी लागेल. महिनाभर फुलं कशातून न्यायची? तेव्हा नानांना कुठून ती बुद्धी झाली कोण जाणे. ते म्हणाले, आपण एवढी एकरभर बाग फवारतो, एक गाडी फवारायला किती वेळ लागणार?

अहो, मी ऐकलं आणि माझं अवसानच गळालं!

नवसाबाई गुलाब घेऊन रिक्षानं बाजारात गेल्या होत्या. नानांनी घराच्या दाराला लावायचा निळा ऑइलपेंट आणला, रॉकेल घालून पातळ केला आणि त्या पितळी पंपात ओतला. पंप विसळला होता, पण आपल्या हिशेबानं. तळाला मोरचूद आणि चुन्याचा साका होताच. पाठीवर पंप, डोक्याला फडकं, आणि नाना माझ्याभोवती फिरायला लागले, जशी मी द्राक्षाची वेल. पहिले चार हात रंग बरा आला. मग पंप खोकायला लागला. कुठं पिचकारी, कुठं थेंब, कुठं चुन्याचे दाणे. रॉकेलनं आतले वायसर फुगले, नोझल बुजलं, आणि रंग पंपातच घट्ट बसला. अर्धी मी निळी, अर्धी पिस्ता, मध्ये ओघळ. नानांनी हार मानली नाही. ब्रश घेतला आणि उरलेली मी हातानं रंगवून काढली.

नवसाबाई परत आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पंपाकडे. चार दिवस सगळं बोलणं साधनामार्फत चाललं: सांग तुझ्या नानांना, ताट वाढलंय.

गावात मात्र बोलणाऱ्यांची कमी नव्हती. पारावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, रॉकेलनं पुसून काढा आणि कारागिराला द्या. दुसरा म्हणे, स्वतःच्या गाडीला माणूस स्वतः रंग देईल नाही तर काय, वरून वार्निश मारा की झालं. फुलबाजारात माझं नाव पडलं मोरचूद. "मोरचूद आली, बाजूला घ्या पाट्या." मी वकीलसाहेबांची गाडी हो, आणि हे नाव! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांना मात्र रंग मनापासून आवडला होता. रोज सकाळी ओट्यावरून चहा पिताना माझ्याकडे बघत बसायचे.

आणि त्याच पावसाळ्यात, ज्याची धास्ती घेतली होती तेच झालं. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेचा पत्रा गळून पडला आणि वीतभर भगदाड पडलं. चाकाचा चिखल थेट आत. आत बसलेला कोण? कुंदन. शाळेत उतरायचा तो गुडघ्यापर्यंत माखून. पोरं आधीच त्याला मोरचूद म्हणून चिडवत होती, आता चिखल्या म्हणायला लागली. एका सकाळी तो शाळेच्या फाटकाशी उतरेचना. रडला नाही, नुसता मान खाली घालून बसून राहिला. नानांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून, कुणी न सांगता, ते अलीकडच्या कोपऱ्यावरच थांबायला लागले. कुंदन तिथं उतरून चालत जायचा. मागं वळून बघायचा नाही.

त्याच आठवड्यात नाना मला घेऊन तांबट आळीत गेले. सोबत तो बिघडलेला पंप. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटाकडून त्यांनी पंपाचं पोट कापून घेतलं, ठोकून सपाट केलं, आणि तो पितळी पत्रा माझ्या दाराच्या भगदाडावर रिबिटा मारून बसवला. कापलेल्या पत्र्यावर ती अक्षरं आली होती. तांबटानं विचारलं, नावाची बाजू आत घेऊ का? नाना म्हणाले, नको, बाहेरच राहू द्या. मग त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, घासली आणि निळा रंग मारला. काही दिसेनासं झालं. घरी सांगितलं, की पंप मोडीत घातला आणि दार गॅरेजात नीट करून घेतलं. भावाचा पंप मोडीत गेला म्हणून नवसाबाईंचा अबोला या वेळी आठ दिवस टिकला. कुंदनला पुन्हा कधी चिखल लागला नाही. पण कोपऱ्यावर उतरायची सवय काही सुटली नाही.

घरात हे सगळं फक्त दोघांना ठाऊक होतं, नानांना आणि मला. त्यातल्या एकाला बोलता येत नाही, आणि दुसरा बोलत नव्हता.

मित्रांनो, पितळेवर साधा रंग धरत नाही. नानांना हे माहीत नव्हतं. वर्ष सरत आलं की त्या दारावर फुगा यायचा, मग पोपडा धरायचा. माझा जीव टांगणीला! आता पितळ दिसणार, आता नवसाबाईंना कळणार. पण दसऱ्याच्या सकाळी, घरातली उठायच्या आधी, नाना त्याच डब्यातला निळा रंग आणि ब्रश घेऊन यायचे. पोपडा खरवडायचे, हातानं लांबी सारखी करायचे, दोन हात मारायचे. मग माळ, हळदकुंकू. घरची सगळी हसायची, की नानांचं ते दार म्हणजे दरवर्षीचं दुखणं. नाना पण हसायचे. असे दहा-अकरा दसरे गेले. त्या ओघळांची, त्या केसाळ ब्रशच्या रेघांची मला सवय झाली. कुणी मोरचूद म्हटलं तरी राग येईनासा झाला.

दोन हजार चार साली नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाची बशी धरवेना, तिथं ब्रश कुठला? त्या दसऱ्याला ते रंगाचा डबा घेऊन आले, झाकण उघडायचा प्रयत्न केला आणि तसेच परत गेले. पुढच्या दसऱ्याला डबा आणलाच नाही. दारावरचा पोपडा तळहाताएवढा झाला. त्याखाली लांबीचा थर होता म्हणून, नाहीतर तेव्हाच सगळं उघडं पडलं असतं.

आता कुंदनचं सांगते. तो डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात रंगखात्यात लागला. हुशार. धुळीचा एक कण रंगात दिसला तर अख्खा भाग परत पाठवणारा. दोन हजार सहा साली त्यानं पेपरात वाचलं, की जानेवारीत नाशकात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, की आपली फियाट मेळाव्याला न्यायची. मी खूश झाले असं वाटतंय का तुम्हाला? मुळीच नाही. कारण पुढचं वाक्य असं होतं, की हा सगळा निळा चोथा खरवडून काढायचा आणि कंपनीचा मूळ पिस्ता रंग द्यायचा.

झालं! घराला पुन्हा दोन पक्ष पडले. साधना लग्न होऊन चांदवडला होती, तिथं शाळेत शिकवायची. दिवाळीला आली आणि भावाशी भांडायलाच बसली. तिचं म्हणणं, की नानांनी हातानं दिलेला रंग आहे, त्याला हात लावायचा नाही. कुंदनचं म्हणणं, की तो रंगच नाही, ती चूक आहे, आणि चूक तेरा वर्षं जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही. त्याचा कारखान्यातला मित्र जीवन बघायला आला, तर त्यानं तिसरंच काढलं. म्हणे काळा रंग द्या आणि बॉनेटवर आगीच्या ज्वाळा काढा, तो स्वतः काढून देईल. ज्वाळा! या वयात! त्या दिवशी मी मुद्दामच चालू झाले नाही.

नवसाबाई दोघांवर करवादल्या. माझ्या पंपाचं वाटोळं करून लावलेला रंग, त्याचं कसलं कौतुक, असं त्या म्हणाल्या. आणि नाना? नाना ओट्यावर बसून होते. साधनानं त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही सांगा. ते म्हणाले, "त्याला समजतं त्यातलं. करू दे त्याच्या मनानं." आणि थरथरता हात दुसऱ्या हातात धरून ठेवला.

कुंदननं कामाला सुरुवात केली. रविवारची सुट्टी, अंगणात मी, आणि त्याच्या हातात एक चुंबक. मित्रांनो, जुन्या गाडीचा पत्रा असा तपासतात. जिथं चुंबक चिकटतं तिथं खाली पत्रा आहे. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा कुजून गेलाय आणि नुसती लांबी भरलीय असं समजायचं. तो टपावर फिरला, चिकटलं. बॉनेटवर चिकटलं. मडगार्डवर चिकटलं. तो डाव्या मागच्या दाराशी आला, खाली वाकला, चुंबक लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"बघ ताई," तो म्हणाला, "पत्राच नाही इथं. नुसती लांबी. हे दार गेलं कामातून."

पितळेला चुंबक धरत नाही, अरे बाबा! मी आतल्या आत ओरडत होते. रंगखात्यात काम करणाऱ्याला लोखंड कळतं, पत्रा कळतो, पण अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या दारात पितळ असेल हे त्याच्या मनात तरी कसं यावं? पुढच्या रविवारी तो एक जुनं दार घेऊन आला, भंगारातल्या दुसऱ्या कुठल्या फियाटचं. चांगलं सरळ, गंज नसलेलं. भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्या दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं, म्हणजे स्क्रू ढिले होतील. आणि गल्लीतून फिरणाऱ्या भंगारवाल्याला संध्याकाळी यायला सांगितलं.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. त्या वीतभर तुकड्यात नानांचं सगळं होतं. चिखलात माखलेलं पोर त्यांनी आरशात पाहिलं होतं, त्याचं उत्तर तिथं होतं, आणि ते आता किलोवर जाणार होतं. नाना ओट्यावरच होते. दाराकडे बघत होते. नाना, बोला ना, मी मनात म्हणत होते, एवढं एकदाच बोला. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा तर उठून उभेही राहिले. पण बोलायचं म्हणजे कशाकशाबद्दल बोलायचं? बायकोशी तेरा वर्षं खोटं बोललो हे आलं, आणि मुलाला म्हणायचं की मी हे तुझ्यासाठी केलं होतं, हेही आलं. दोन्ही त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पुन्हा खाली बसले.

साधना दिवाळीनंतर दुसऱ्यांदा आली होती, खास भांडायला. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, की आधी दाखव मला, खरंच पत्रा नाही का. कुंदन वैतागला. त्यानं हातोडी घेतली. एक ठोका मारला की लांबीचा ढपला पडेल आणि हिचं तोंड बंद होईल, असा त्याचा हिशेब. त्यानं मारली.

खण्ण!

अंगणभर आवाज गेला. कुंदन हातोडी धरून तसाच उभा. त्याला कळेना, लांबी वाजते कशी?

स्वयंपाकघरात नवसाबाई मेथी निवडत होत्या. त्या हातातली जुडी टाकून दारात आल्या. "पुन्हा मार," त्या म्हणाल्या. कुंदननं हळूच पुन्हा मारली. त्या पायऱ्या उतरल्या, माझ्या दाराशी बसल्या, आणि बोटाच्या पेरानं तिथं टकटक केलं. कान जवळ नेला. म्हणाल्या, "हे पितळ हाय."

मेथीची मुळं कापायचा चाकू हातात होताच. त्यांनी पोपडा खरवडला. निळा रंग निघाला, खाली लांबी निघाली, आणि तिच्याखाली पिवळं चमकलं. त्या खरवडतच राहिल्या. एक ठिपका, दुसरा ठिपका, ठिपक्यांचं अक्षर झालं. साधनानं अडखळत वाचलं, "नवसाबाईस बंधू..." पुढचं कापलेलं होतं.

नवसाबाईंनी ओट्याकडे बघितलं. नाना पायाकडे बघत होते.

कुंदन ओट्यापाशी गेला. "नाना, पंपाचा पत्रा? दाराला का लावला?"

नाना म्हणाले, "भगदाड पडलं व्हतं. तुझी चड्डी भरायची चिखलानं. शाळेत उतरायचा नाय तू."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईला म्हणलो व्हतो, पंप मोडीत घातला. मंग तुला कसं सांगू?"

कुंदन माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसला, डाव्या दाराशी, लहानपणी बसायचा तिथंच. दार लावून घेतलं. पाय जवळ घेतले आणि त्या दाराच्या आतल्या खालच्या कडेवरून हात फिरवत राहिला. मला त्याच्या हाताचं सगळं कळत होतं. त्या सकाळी न रडलेला मुलगा, तेरा वर्षांनी माझ्यात बसून रडला.

बाहेर नवसाबाई उठल्या, पदरानं ती अक्षरं पुसली आणि नानांना म्हणाल्या, "तेरा वर्सं माझ्या भावाचा पंप माझ्याच बुडाखाली घेऊन हिंडवलात मला. आणि मी आठ दिवस बोलले नाय तुमच्याशी." मग पायरीवरून वळून, "बारा दिवस. चार आधीचे," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं सगळ्यांना चहा आला. नानांची बशी त्यांनी स्वतः धरली.

संध्याकाळी भंगारवाला आला. कुंदननं त्याला भिंतीला टेकवलेलं ते सरळ दार दिलं.

रंगाचं भांडण मात्र मिटलं नाही बरं का. साधना म्हणत राहिली, की आता सगळीच निळी ठेव. कुंदन म्हणाला, की बाकीच्या अंगावर चुन्याचे दाणे आहेत, खाली गंज धरतोय, गाडी वाचवायची तर खरवडावीच लागेल. त्याचं खरं होतं, मला आतून ठाऊक होतं. त्यानं सहा रविवार घेतले. मला घासलं, गंज काढला, मूळचा पिस्ता रंग दिला, इतका सुरेख की वकीलसाहेबांनीही माझ्यात बघून गळपट्टी नीट केली असती. आणि डावं मागचं दार तसंच ठेवलं. निळं, ओघळांसकट. पितळेची अक्षरं मात्र पुन्हा झाकली, कारण नानांना लाज वाटत होती.

जानेवारीत मेळाव्याला गेलो. मैदानात चकचकीत गाड्यांच्या रांगा, मी त्यांच्यात जीव मुठीत धरून उभी. तपासणीस आले, माझ्याभोवती फिरले, वहीत काहीबाही लिहिलं. दाराशी थांबून म्हणाले, की सगळं उत्तम आहे, पण हे दार मूळचं नाही. कुंदन म्हणाला, "गाडीत मूळचं तेवढंच आहे, सर." त्यांनी त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि पुढं गेले. बक्षीस नाही मिळालं. परत येताना कुंदननं मला त्याच्या जुन्या शाळेच्या रस्त्यानं नेलं. शेजारी नाना बसले होते. कोपऱ्यावर तो थांबला नाही, सरळ फाटकाशी जाऊन उभा राहिला. नाना म्हणाले, इथं काय काम? तो म्हणाला, काही नाही, असंच.

त्यालाही आता तीन वर्षं होत आली. मित्रांनो, जुन्या वस्तूला नवा रंग द्यायला हरकत नाही. आम्हालाही नटावंसं वाटतं. पण पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी घरात एकदा विचारा, की हे असं कुणी केलं आणि का केलं. आम्हाला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं ती माणसं पुष्कळदा सांगत नाहीत. माझ्या वेळी एक हातोडी आणि एका बाईचा कान होता म्हणून निभावलं.

राहता राहिलं ते दार. दसऱ्याच्या सकाळी कुंदन रंगाचा डबा उघडतो आणि ब्रश नानांच्या हातात देतो. खालून त्यांचा हात आपल्या हातानं धरतो. रेघ वाकडी जाते, ओघळ येतो. कारखान्यात एका कणासाठी माल परत पाठवणारा हा माणूस, तो ओघळ पुसत नाही. शेजारी नवसाबाई माळ घेऊन उभ्या असतात आणि दोघांच्याही चुका काढतात.

पितळेवर रंग पक्का बसावा म्हणून एक वेगळा प्रायमर येतो. एक हात मारला की जन्मात पोपडा धरत नाही. कुंदनच्या कारखान्यात त्याचे डबेच्या डबे आहेत, जीवननं एकदा आणूनही दिला होता. कुंदननं तो परत पाठवला.

मी मात्र घाबरटची घाबरटच. पूर्वी त्या दारावर फुगा आला की माझा थरकाप व्हायचा. आता भाद्रपद लागला की मी त्या दाराकडे लक्ष ठेवून असते. नानांचा हात यंदा फारच हलतोय, आणि रंग अजून घट्ट आहे. दसरा नऊ दिवसांवर आला. तो रंग लवकर सुटू दे, एवढंच मी रोज म्हणते.